कोपऱ्यातला रिकामा चौकोन: बडोद्याच्या प्रोजेक्ट इंजिनिअर मंडळींना खुलं पत्र

बडोद्यातल्या डिझाइन ऑफिसांत बसून देशोदेशीच्या कारखान्यांचे आराखडे काढणाऱ्या मराठी मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मागच्या महिन्यात माझा एक जुना ज्युनिअर घरी आला होता. रविवार होता, येताना त्यानं सेव-उसळ बांधून आणली होती. खाणं झाल्यावर त्यानं लॅपटॉप उघडला आणि एक प्लॉट प्लॅन दाखवला. समुद्रकाठच्या एका अल्युमिना रिफायनरीचा, म्हणजे बॉक्साइट या खनिजातून अल्युमिनियमची पांढरी पूड काढणाऱ्या कारखान्याचा. कुठल्या देशातली, कुणाची, हे त्यानं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. नोकरीची पथ्यं मला ठाऊक आहेत. कॉस्टिकच्या, म्हणजे दाहक कॉस्टिक सोड्याच्या टाक्यांभोवतीची डाइक (गळती अडवणारा बांध) आणि पंपांची मांडणी माझ्या, म्हणजे त्याच्या काकांच्या, नजरेखालून एकदा जावी, एवढंच त्याला हवं होतं. काम चोख होतं. दोन ठिकाणी सेफ्टी शॉवर, अंगावर रसायन उडालं तर धुऊन काढायचे, पंपापासून फार लांब होते, ते मी सांगितलं आणि त्यानं लगेच टिपून घेतलं.

मग माझी नजर ड्रॉइंगच्या एका कोपऱ्यावर गेली. किनाऱ्याच्या बाजूला मोठा चौकोन होता. सगळा कारखाना मिळून जेवढी जागा व्यापत होता त्याच्या कितीतरी पट मोठा. आत एक रेघ नाही, एक पाइप नाही, एक लेव्हल नाही. मधोमध लिहिलेलं, 'रेड मड एरिया', म्हणजे कारखान्यातून निघणाऱ्या लाल चिखलाची जागा. आणि खाली बारीक अक्षरांत, 'क्लायंट स्कोप'.

"हे काय रे?" मी विचारलं.

"ते आपल्याकडे नाही काका. ते क्लायंट बघेल."

तो खोटं बोलत नव्हता. कंत्राटात तसंच लिहिलेलं असणार. पण तो गेल्यावर मला रात्री झोप लागली नाही. त्या चौकोनासाठीच हे पत्र लिहीत आहे. मराठीत लिहितोय, कारण या शहरात या कामावर बसलेल्यांत आपली माणसं पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी मला घरच्यासारखं बोलता येतं.

माझी ओळख थोडक्यात. कलाभवनात शिकलो, सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये काढलेल्या त्याच कलाभवनात, आणि पुढची सगळी नोकरी कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात काढली. पहाटे कंपनीची बस, तीन पाळ्या, शेवटची बारा वर्षं शिफ्ट इनचार्ज. अल्युमिनाची रिफायनरी मी कधी चालवली नाही. पण अल्युमिनावाले हे आमचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक. त्यांच्याकडची मागणी वाढली की आमच्या लायचे, म्हणजे द्रवरूप कॉस्टिकचे, भाव चढायचे, त्यांनी खरेदी थांबवली की आमच्या टाक्या तुडुंब. गुजरातच्या किनाऱ्यावर पिकलेलं मीठ, त्या मिठाच्या पाण्यातून वीज सोडून काढलेलं कॉस्टिक, आणि ते कॉस्टिक देशाच्या दुसऱ्या टोकाला ओडिशात दामनजोडीला बॉक्साइट विरघळवायला. तिथून तयार अल्युमिना अरकूच्या घाटातून रेल्वेनं विशाखापट्टणमच्या बंदरात उतरतो आणि बोटीत चढतो. हा धागा इतका पक्का आहे की नाल्कोनं, म्हणजे दामनजोडीच्या त्या सरकारी अल्युमिनियम कंपनीनं, आपल्या जीएसीएलबरोबर (गुजरात अल्कलीज अँड केमिकल्स) भागी करून दहेजला कॉस्टिकचा कारखाना उभा केला. ऑक्टोबर २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. नाल्कोचा वाटा ४० टक्के. तेव्हा अल्युमिना आपला विषय नाही असं बडोद्यात बसून कुणी म्हणू नये.

आता प्रक्रिया. तुमच्यातले पायपिंगचे, सिव्हिलचे, इलेक्ट्रिकलचे लोक आपापल्या शीटपुरते काम करतात, म्हणून सगळी साखळी एकदा सांगतो. कार्ल बायर नावाच्या रसायनतज्ज्ञानं १८८८ मध्ये पेटंट घेतलं, आणि सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लोटला तरी जग तीच पद्धत वापरतं. बॉक्साइट दळायचं, गरम कॉस्टिकमध्ये दाबाखाली शिजवायचं. गिब्साइट जातीचं असेल तर दीडशे अंशांच्या आत भागतं, बोहमाइट असेल तर अडीचशेच्या घरात जावं लागतं. त्यातलं अल्युमिनियम तेवढं कॉस्टिकमध्ये उतरतं. लोखंड, टायटॅनियम, वाळूचा अंश हे काही उतरत नाही. तो गाळ मोठमोठ्या सेटलरमध्ये खाली बसतो, त्याला उलट्या प्रवाहात चार-पाच वेळा धुऊन उरलंसुरलं कॉस्टिक परत मिळवायचं. वरचं स्वच्छ द्रावण थंड करायचं, त्यात आधीच्या खेपेचे बारीक स्फटिक बी म्हणून पेरायचे, आणि दिवसभरात पांढरा हायड्रेट बाहेर पडतो. तो हजार अंशांच्या आसपास भाजला की अल्युमिना. पिठीसाखरेसारखा पांढरा. दोन टन अल्युमिनातून एक टन अल्युमिनियम.

आणि खाली बसलेला तो लाल गाळ?

एक टन अल्युमिनामागे साधारण एक ते दीड टन. कितीही धुतला तरी त्यात कॉस्टिक राहतंच. काही मोकळं राहतं, काही बॉक्साइटमधल्या सिलिकाशी बांधलं जाऊन कायमचं त्यात बसतं. पीएच, म्हणजे अल्कलीचा जोर दाखवणारा आकडा, दहापासून तेरापर्यंत. कण इतके बारीक की बोटांत घेतला तर लोण्यासारखा लागतो, आणि पाणी सोडायला तयार होत नाही. जगात दरवर्षी १५ कोटी टनांहून जास्त असा गाळ निघतो.

तुम्ही इंजिनिअर आहात, हिशेब माझ्याबरोबर करा. वर्षाला १० लाख टन अल्युमिना करणारी रिफायनरी, म्हणजे आजच्या मानानं मध्यम. गाळ कमीत कमी धरू, १० लाख टन. तीस वर्षांत तीन कोटी टन. घनता दीड धरली, म्हणजे चांगला दाबून कोरडा केलेला धरला, तर दोन कोटी घनमीटर. शंभर हेक्टरवर पसरला तर वीस मीटर उंच. सहा मजली इमारतीएवढा डोंगर, अडीचशे एकरांवर. ओला टाकला तर याहून कितीतरी जास्त. त्या लॅपटॉपवरच्या रिकाम्या चौकोनात हा डोंगर बसायचा होता. कारखाना तीस-चाळीस वर्षांनी भंगारात जाईल, डोंगर तिथेच राहील. खरं तर अल्युमिना रिफायनरी ही गाळ साठवण्याची जागा आहे, जिच्या कडेला एक कारखाना असतो. मी हे अतिशयोक्तीनं म्हणत नाही, वजनं मांडून म्हणतो.

कॉस्टिक म्हणजे काय हे तुमच्यातल्या बहुतेकांनी डेटाशीटवर वाचलेलं असतं. मी ते अंगावर घेतलेलं आहे. एका हिवाळ्यात रात्रपाळीला टँकर भरण्याच्या जागी फ्लँजचं गॅस्केट, म्हणजे पाइपच्या जोडातली गळती रोखणारी चकती, गेलं. हिवाळ्यात ४८ टक्क्यांची लाय गोठायला लागते म्हणून लाइन स्टीमनं गरम ठेवलेली होती. तेव्हा जे उडालं ते गरमच होतं. माझ्या डाव्या हातावर आलं. पहिल्या क्षणी दुखत नाही. निसरडं लागतं, ओल्या साबणासारखं. कारण ते खरंच साबण करत असतं, तुमच्याच कातडीखालच्या चरबीचा. आग नंतर सुरू होते, आणि ती आत आत जाते. माझ्या शेजारी छोटा उदेपूरकडचा कंत्राटी पोरगा उभा होता, एकोणीस-वीस वर्षांचा. त्याच्या तोंडावर आलं. आम्ही दोघं सेफ्टी शॉवरकडे धावलो. शॉवरचा व्हॉल्व्ह गंजून बसलेला. फायर लाइनचा होज लावेपर्यंत जी मिनिटं गेली त्यात त्याचा डावा डोळा गेला. ड्रॉइंगवर तो शॉवर होता. बरोबर जागी होता. त्याला महिन्यातून एकदा उघडून बघायचं काम मात्र कुणाच्या तरी 'स्कोप'मध्ये होतं, आणि तो 'कुणीतरी' कोण हे चौकशीत शेवटपर्यंत ठरलं नाही. त्या पाळीचा इनचार्ज मी होतो. तो शॉवर मी तरी स्वतः उघडून बघायला हवा होता.

म्हणून 'क्लायंट स्कोप' हे दोन शब्द वाचले की मला तो पोरगा दिसतो.

हंगेरीत अजका नावाचं गाव आहे. ४ ऑक्टोबर २०१० रोजी दुपारच्या सुमारास तिथल्या अल्युमिना कारखान्याच्या लाल चिखलाच्या तलावाचा बांध फुटला. सगळा बांध नाही, एक कोपरा. सुमारे दहा लाख घनमीटर चिखल आणि अल्कलीचं पाणी कोलोंतार आणि देवेचेर या गावांत घुसलं. दहा माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. बरेचसे भाजलेले, आणि भाजलेले म्हणजे आगीनं नव्हे, माझा हात भाजला तसे. काहींना घरातून बाहेर पडताना गुडघ्यापर्यंत चिखलातून चालावं लागलं, आणि कातडी सुटतेय हे नंतर कळलं. मार्कल नदीतलं सगळं जीवन संपलं. डॅन्यूबपर्यंत पोचू नये म्हणून जिप्सम आणि आम्ल ओतत बसावं लागलं. आपल्याकडेही झालं आहे. झारखंडमध्ये मुरीला एप्रिल २०१९ मध्ये लाल चिखलाचा ढीग ढासळला. तिथं तो ओला तलाव नव्हता, रचून ठेवलेला ढीग होता, तरी ढासळला.

आता समुद्राचा प्रश्न, कारण तुमच्या हातातली बहुतेक ड्रॉइंगं किनाऱ्यावरची असतात. का असतात ते उघड आहे. बॉक्साइट बोटीनं येतं, कॉस्टिक बोटीनं येतं, कोळसा बोटीनं येतो, अल्युमिना बोटीनं जातो. ऑस्ट्रेलियातलं ग्लॅडस्टोन बघा. १९६७ मध्ये क्वीन्सलंड अल्युमिना सुरू झाली, वेइपाच्या खाणींकडून बॉक्साइटच्या बोटी यायला लागल्या. मागोमाग वीजकेंद्र आलं, अल्युमिनातून अल्युमिनियम काढणारा स्मेल्टर आला, मग दुसरी रिफायनरी, आणि आज ते मोठं औद्योगिक बंदर आहे. आयर्लंडमध्ये शॅनन नदीच्या खाडीवर ऑगिनिशला गिनीचं बॉक्साइट येतं. युरोपातली सर्वांत मोठी रिफायनरी तीच. एक अल्युमिना कारखाना किनाऱ्यावर आला की भोवती धक्के, वीज, वाहतूक, दुरुस्तीची वर्कशॉपं, घरं, शाळा हे सगळं उभं राहतं. आपल्या कोयलीच्या तेल रिफायनरीनं १९६५ नंतर बडोद्याचं जे केलं तेच. माझं घर त्यावर चाललं, तुमचं चालतं आहे. कारखाना नको असं मी म्हणणार नाही, आणि म्हणणाऱ्यांच्या तोंडी ते शोभत असेल, माझ्या तोंडी शोभणार नाही.

उलट कच्छ आणि द्वारकेकडचं बॉक्साइट वर्षानुवर्षं कच्चंच बोटीत भरून जाताना मी पाहिलं आहे. २०१४ मध्ये इंडोनेशियानं कच्च्या बॉक्साइटची निर्यात थांबवली तेव्हा चिनी गिऱ्हाइकं आपल्या किनाऱ्याकडे वळली. माती आपली, आणि तिच्यातून निघणारा पैसा दुसऱ्याचा, हे कुठल्याही इंजिनिअरला खटकायला हवं. तेव्हा इथे प्रक्रिया व्हावी असं मलाही वाटतं. पण व्हायची तर तो चौकोन आधी भरून.

समुद्र जवळ असला की एक मोह होतो. फ्रान्समध्ये मार्सेलजवळच्या गार्दानच्या कारखान्यानं १९६० च्या दशकापासून लाल चिखल पाइपानं समुद्रात, कासिदेनच्या दरीत सोडला, तीनशे मीटरहून खोल. थांबवायला २०१५ चं वर्ष संपावं लागलं. त्या भागाचं तेव्हा राष्ट्रीय उद्यान झालेलं होतं. समुद्राचा योग्य उपयोगही आहे. ग्लॅडस्टोनला चिखल समुद्राच्या पाण्याबरोबर ढकलतात. पाण्यातलं मॅग्नेशियम आणि कॅल्शियम अल्कलीला धरून न विरघळणारे क्षार करतं आणि पीएच आठ-नऊपर्यंत उतरतो. हुशारीची गोष्ट आहे. पण त्यानं दाहकपणा उतरतो, डोंगर उतरत नाही.

आणि आपला किनारा ग्लॅडस्टोनचा नाही. २६ जानेवारी २००१ ला मी पहिल्या पाळीत होतो. सकाळी पावणेनऊच्या सुमारास कंट्रोल रूममधल्या खुर्च्या आपोआप सरकायला लागल्या. सेल हाऊस, जिथे मिठाच्या पाण्यातून वीज सोडतात ते, बंद केलं आणि आम्ही सगळे बाहेर मैदानात. भूकंपाचं केंद्र होतं दूर कच्छात, भचाऊच्या परिसरात, आणि इथे बडोद्यात टाक्यांतलं पाणी डुचमळत होतं. त्या दिवशी रणात जमिनीतून वाळू आणि पाण्याचे फवारे उडाले. ओला बारीक गाळ हादऱ्यात पाण्यासारखा वागतो, हे सिव्हिलवाल्यांना मी सांगायला नको. कच्छ भूकंपाचा मोठा धोका असलेल्या क्षेत्रात आहे. त्याच किनाऱ्यावर जून १९९८ मध्ये कांडल्याला वादळ आलं होतं, आणि जून २०२३ मध्ये बिपरजॉय जखाऊजवळ जमिनीवर चढलं. कच्छच्या आखातात ओहोटीच्या वेळी पगडिये कोळी पायी चालत जाळ्यांपर्यंत जातात. पलीकडे जामनगरच्या बाजूला प्रवाळ आहेत, देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान तिथेच आहे. तिथं बांधाचा एक कोपरा फुटला तर चिखल चिकणमातीच्या किनाऱ्यावर पसरेल आणि कुणालाही तो परत गोळा करता येणार नाही.

आपल्या शहराचंही एक सांगतो. बडोद्याच्या कारखान्यांचं सांडपाणी प्रक्रिया करून एका चॅनलनं पंचावन्न-छप्पन किलोमीटर लांब नेतात आणि जंबुसर तालुक्यात सारोदजवळ महीच्या मुखाशी सोडतात. १९८३ पासून. नोकरीत असताना मी आयुष्यात एकदाच ते टोक बघायला गेलो, तेही निवृत्तीच्या आदल्या वर्षी. तीस वर्षं मी त्या पाण्यात भर घातली होती आणि ते कुठे जातं हे नकाशाशिवाय कधी पाहिलं नव्हतं. ओहोटी होती. गाळाचा विस्तीर्ण सपाट पट्टा, त्यावर बगळे, आणि दूर एक बाई डोक्यावर टोपली घेऊन अनवाणी चालत होती. मी बांधावर बराच वेळ उभा होतो. माझ्या लॉगबुकात 'एफ्लुएंट टू चॅनल' असं रोज लिहिलेलं असायचं. त्या तीन शब्दांच्या पलीकडच्या टोकाला ती बाई होती.

मंडळी, तुमच्याकडे मागणं एवढंच आहे. अल्युमिनाचं काम टेबलावर आलं की पहिल्याच बैठकीत त्या चौकोनाबद्दल विचारा. गाळ ओला जाणार की फिल्टर प्रेसमधून, म्हणजे दाबून पाणी काढणाऱ्या यंत्रातून? प्रेसमधून काढला तर ७० टक्क्यांच्या आसपास घन करता येतो, खर्च जास्त, पण बांधावर पाण्याचा भार राहत नाही आणि कॉस्टिकही परत मिळतं, ते मालकाला रुपयांत दाखवता येतं. बांध कोणत्या भूकंपासाठी आणि कोणत्या पावसासाठी धरला आहे, हे कागदावर मागा. गाळातलं किती सिमेंटकडे जाणार आहे, आणि सिमेंटचा कारखाना तिथून किती लांब, हेही विचारा. गाळ वापरता येतो हे खरं आहे, पण दोनशे किलोमीटरच्या मालभाड्यात तो वापर अनेकदा कागदावरच राहतो. आणि बांधाच्या खालच्या बाजूला कुणाची वस्ती आहे, ते ड्रॉइंगवर दाखवा. घरं दाखवा, विहिरी दाखवा. रिकामी जागा दाखवू नका, रिकामी जागा कुठेच नसते.

वरिष्ठ म्हणतील, स्कोपमध्ये नाही. तेव्हा एक ओळीचं पत्र क्लायंटला लिहा, की आम्ही मांडणी करताना गाळाची जागा विचारात घेतलेली नाही, ती ठरल्याशिवाय ही मांडणी अंतिम धरू नये. एवढं लिहिण्याचा हक्क कोणत्याही कंत्राटात तुमच्याकडून काढून घेतलेला नसतो. मी माझ्या काळात असं एकही पत्र लिहिलं नाही. माझ्या लॉगबुकात शॉवरबद्दल एक ओळही नाही.

आपल्याकडे गणपतीत व्याख्यानं होतात. यंदा आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला मी एक संध्याकाळ मागितली आहे, व्याख्यानासाठी नाही, ड्रॉइंगसाठी. मोठं टेबल, ट्रेसिंग पेपर, आणि ज्यांना गुप्ततेची अडचण असेल त्यांनी नाव-गाव झाकून फक्त तो कोपरा आणावा. सिव्हिलमधलं मला फारसं कळत नाही, म्हणून माती-बांधांचं काम केलेले माझे दोन जुने मित्र येणार आहेत. तो परवाचा ज्युनिअर येतो म्हणाला आहे. त्यानं फोनवर विचारलं, "काका, त्या चौकोनात आधी काय काढू?" मी म्हटलं, आधी पाणी कुठल्या बाजूला वाहतं ते काढ.

आपला,
कॉस्टिकच्या कारखान्यातला एक निवृत्त शिफ्ट इनचार्ज
दांडिया बाजार, बडोदा